हात टेकवून लिहिता येईल असा लॅपटॉप

विषय बदलण्याचा अर्ज एका पानाचा होता, एकाच बाजूने छापलेला. बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला असलेल्या माझ्या मुलीने तो कॉलेजच्या खिडकीवरून आणला आणि आपल्या टेबलाच्या खणात ठेवला. रसायनशास्त्र सोडून दुसरा विषय घ्यायचा असेल तर महिना संपण्याआधी तो भरून द्यायचा होता. तिने तो भरला नव्हता आणि फाडलाही नव्हता. आणला त्या दिवशी हातात एकोणीस दिवस होते.

कारण हाताचं होतं. नववीत असताना आईच्या मागे स्कुटीवर बसून ती कुडव्याहून गोंदियाला शिकवणीला जात होती. वळणावर गाडी घसरली. आईला खरचटलं, हिचा उजवा कोपर मोडला. नागपूरला ऑपरेशन झालं, पट्टी बसवली, हाड जुळलं. पण हात अधांतरी धरून ठेवण्याची ताकद परत आली नाही, आणि पेन दाबून लिहिलं की वीसेक मिनिटांत करंगळीकडची दोन बोटं बधिर व्हायची. तिने लिहिण्याची आपली एक रीत बसवून घेतली. कोपरापासून करंगळीपर्यंतचा सगळा हात कागदावर टेकवायचा, फक्त बोटं हलवायची, आणि ओळ संपली की डाव्या हाताने वही वर सरकवायची. अक्षर चांगलं यायचं, फक्त वेळ लागायचा. शिकवणारे तेवढं थांबत नाहीत.

बारावीला तिला लेखनिक मिळाली होती, अकरावीतली एक मुलगी. लेखनिकाला विषय येता कामा नये हा नियम, आणि तिला तो येत नव्हता. "षटकोन काढ, आता त्याच्या आत एक बाजू सोडून एक दुहेरी रेघ दे," असं सांगत सांगत रसायनाचा पेपर झाला. दोन प्रश्न राहून गेले.

कॉलेजात लेखनिक फक्त परीक्षेला मिळतो, वर्गात मिळत नाही. ती एका मैत्रिणीच्या वहीची झेरॉक्स काढून आणायची. पहिल्या चाचणीत तिचे गुण गेले, कारण एका अभिक्रियेत बाण उलट्या दिशेने काढला होता. मैत्रिणीच्या वहीत तो तसाच होता. शिक्षकांनी लाल शाईने लिहिलं होतं, "कुठून उतरवलं?" दुसऱ्या दिवशी तिने अर्ज आणला.

"तुला रसायन आवडत नाही का आता?" तिच्या आईने विचारलं. आई प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे.

"रसायन आवडतं. उतरवलेलं रसायन नाही आवडत," मुलगी म्हणाली. "दुसऱ्याच्याच चुका पाठ करायच्या तर विषय कोणताही चालेल. बी.एस्सी.ला इतिहास असता तर तोच घेतला असता, त्यात निदान बाण नसतात."

हाताचे व्यायाम करून घेणाऱ्या बाईंनी लॅपटॉपचं सुचवलं. टाइप करायचा नव्हे. ज्याचा पडदा मागे दुमडून पाटीसारखा करता येतो आणि ज्यावर पेनने लिहिता येतं, असा. काचेवर पेन दाबावं लागत नाही, पान हाताखालून डाव्या बोटाने सरकवता येतं, खोडता येतं. त्यांनी एक अटही घातली होती. डाव्या खांद्यावर दोन किलोच्या वर ओझं नको, नाहीतर तोही हात जाईल.

हे २०१०नंतरच्या दशकातलं आहे. गोंदियात तोवर लॅपटॉप नवलाचा राहिला नव्हता, पण पेनने लिहायचा लॅपटॉप कोणी पाहिलेला नव्हता. मी तेव्हा नागपूरच्या एका दैनिकासाठी जिल्ह्याच्या बातम्या देत होतो. एखादी बाब तीन वेगवेगळ्या ठिकाणांहून एकसारखी कळली तर ती पक्की धरायची, ही कामाची सवय. खरेदीही मी त्याच पद्धतीने केली. वहीत आडवा तक्ता आखला. वजन, पडद्याचा आकार, बॅटरी किती तास, पेन सोबत मिळतं की वेगळं, दुरुस्ती कुठे होते, असे सतरा रकाने झाले. नागपूरच्या कार्यालयात संगणक सांभाळणाऱ्यांना फोन केले, नागपूरच्याच दोन दुकानांना केले. जे जुळलं नाही त्यावर प्रश्नचिन्ह केलं. पाच दिवसांत तक्ता भरला.

गोंदियाच्या बाजारातल्या एका दुकानात त्या तक्त्यातला सर्वांत हलका लॅपटॉप होता. जिल्हाधिकारी कार्यालयातली पत्रकार परिषद आटोपून मी एकटाच तिकडे गेलो. मुलीचं त्या दिवशी प्रॅक्टिकल होतं.

दुकानदार पन्नाशीचे, हिंदी बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी लॅपटॉप उघडला, पडदा मागे पूर्ण फिरवला आणि पाटी करून माझ्या हातात दिली. पेन रबरी टोकाचं होतं.

"लिखके देखिए साहब. जो मन में आए."

मी काउंटरसमोर उभ्या-उभ्या पाटी डाव्या हातावर घेतली आणि लिहिलं, "बाजारात धानाची आवक वाढली, भाव स्थिर." अक्षर माझंच दिसत होतं. आणखी दोन ओळी लिहिल्या. कुठे अडलं नाही.

"वाह," दुकानदार म्हणाले. "आपकी राइटिंग तो कागज से अच्छी आ रही है."

वजन खोक्यावर छापलेलं होतं, एक किलो अडीचशे ग्रॅम. तक्त्यात मी लिहिलं, "वजन मर्यादेत. पेन चांगलं चालतं." खोकं फाटलं नाही तर सात दिवसांत बदलून मिळेल, असं दुकानदारांनी बिलावर लिहून दिलं. लॅपटॉप घेऊन मी घरी आलो. महिना संपायला तेव्हा बारा दिवस होते.

मुलगी संध्याकाळी आली. तिने हात धुतले, टेबलाशी बसली, पाटी समोर ठेवली आणि वहीवर टेकवते तसा सगळा हात काचेवर टेकवला. तिने पेन उचलायच्या आतच पान खाली सरकलं. पेन टेकवलं तर एक अक्षर उमटलं आणि त्याच्यापासून तळहाताखालपर्यंत एक लांब रेघ गेली. तिने खोडलं, परत हात टेकवला. या वेळी पान एकदम मोठं झालं.

"दे इकडे," मी म्हणालो. उभा राहून लिहून दाखवलं. व्यवस्थित आलं.

तिने घेतलं. नाही आलं. परत मी घेतलं, आलं. असं दोनदा झालं.

"हात जरा वर धर ना," मी म्हणालो.

"वर धरता आला असता तर याची गरज काय होती, बाबा?"

ती हे रागाने बोलली नाही. तिने पेन खाचेत ठेवलं, पडदा मिटला आणि खोक्यात होता तसा पुठ्ठ्यांच्या मधे परत ठेवला.

चूक माझ्या कामातून आली होती. बातमीदार उभ्याने लिहितो. पत्रकार परिषद असो, अपघाताची जागा असो की पोलीस ठाण्याचा व्हरांडा, वही डाव्या हातावर आणि उजवं मनगट हवेत. लिहिताना माझा हात कागदाला लागतच नाही. हे तोवर माझ्या लक्षातही आलेलं नव्हतं. त्या पडद्याला बोट, तळहात आणि ते रबरी पेन यांतला फरक कळत नव्हता. मी लिहिताना त्याला फक्त पेनचा स्पर्श झाला, म्हणून तो पास झाला. सतरा रकान्यांत "बसून, हात टेकवून" असा एकही रकाना नव्हता.

मुलीची आई वह्या तपासत बसली होती. तिने वर न पाहता म्हटलं, "एवढे फोन केलेत. एक घरातही करायचा होता."

रविवारी माझा मेहुणा आला, माझ्या बायकोचा भाऊ. त्याची शेती बोदलकशाजवळ आहे आणि तो एका राईस मिलसाठी त्या भागातला धान खरेदी करतो. नमुन्याचे दाणे तो कागदाच्या पुडीत बांधून शर्टाच्या खिशात ठेवतो आणि मिलवर नेऊन दाखवतो. वर्तमानपत्राच्या घरात येऊन त्याला वर्तमानपत्र चालत नाही, कारण दाण्याला शाई लागते. एका बाजूने तरी कोरा कागद हवा. त्यामुळे आमच्याकडे आला की चहाच्या आधी तो कागद मागतो. त्या दिवशीही मागितला, मी वहीचं पान फाडून दिलं. मग त्याला खोकं दिसलं.

"काय जी भाऊजी, मशीन घेतली म्हणे?"

"घेतली. परत करायची आहे."

"कायले?"

मी झालेलं सांगितलं. मुलीने मधे मधे दुरुस्त केलं. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजे तुमी बोरीच्या तोंडाचे दाने पाहून माल घेतला," तो म्हणाला. "तोंडाशी त कोनीबी चांगलाच माल ठेवते. परखी अंदर घालून मधातला दाना काहाडा लागते." परखी म्हणजे पोत्यात खुपसायची टोकदार पन्हळ. ती बाहेर काढली की पोत्याच्या पोटातले दाणे तिच्यात येतात. "पोरीले काऊन नाई नेलं सोबत?"

"तिचं प्रॅक्टिकल होतं."

"मंग प्रॅक्टिकल होयेपर्यंत दुकान पळून जात होतं का?"

"मामा, राहू दे," मुलगी म्हणाली. "बाबांनी फार मेहनत केली."

"मेहनत त गाढवबी करते, माय." मग त्याला आपण कोणापुढे बोललो ते आठवलं असावं. "तुमाले नाई म्हनलं, भाऊजी."

"समजलं," मी म्हणालो.

"उद्या तिघंबी जाऊ. अन् तू," तो भाचीला म्हणाला, "कॉलेजात नेते तशीच भरलेली बॅग घे. डबा, पानी, सारं."

"बॅग कशाला?"

"घे म्हनलं ना."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघे दुकानात गेलो. खोकं फाटलेलं नव्हतं. दुकानदारांनी ते उलटसुलट पाहून बाजूला ठेवलं आणि मुलीने काउंटरवरच्या तशाच एका लॅपटॉपवर हात टेकवून दाखवल्यावर त्यांना अडचण लगेच कळली. त्यांनी सांगितलं की हलक्या लॅपटॉपमधलं पेन म्हणजे नुसतं रबर असतं, बोटाच्या ऐवजी. दुसऱ्या प्रकारच्या पेनमध्ये बारीक सेल असतो. असं पेन काचेजवळ असेपर्यंत पडदा फक्त त्याचंच ऐकतो, हात टेकला तरी मोजत नाही. तशी त्यांच्याकडे दोनच यंत्रं होती. एक दुमडणारं, मोठ्या पडद्याचं. दुसरं आकाराने लहान, ज्याचा कीबोर्ड पडद्यापासून सुटा होऊन निघतो. ते मागच्या वर्षीचं मॉडेल होतं, म्हणून आमच्या आवाक्यात येत होतं.

माझा कल मोठ्याकडे होता. कीबोर्ड निघून येतो हे मला तकलादू वाटत होतं.

मेहुण्याने दोन्हींची माहितीची कार्डं हातात घेतली. त्याला इंग्रजी फारसं येत नाही, आकडे येतात.

"सेठ, ये वजन बारदाने के साथ है क्या बिना बारदाने का?"

दुकानदार हसले. गोंदियात बारदाना कोणाला समजावून सांगावा लागत नाही. बाजारात काट्यावर चढतं ते पोत्यासकट वजन, आणि पोत्याचं वजन वजा केल्याशिवाय कोणी सौदा करत नाही. "मामाजी, ये लॅपटॉप है, धान नहीं."

"धानवाले बी येईच कहते, सेठ. के ये धान नहीं, सोना है. बताओ ना."

दुकानदारांनी चष्मा लावला आणि लहान यंत्राच्या कार्डाखालची बारीक अक्षरं वाचली. मोठ्या अक्षरात छापलेलं वजन कीबोर्ड सोडून होतं. पेन आणि चार्जरही त्यात धरलेले नव्हते.

"हां, ये तो... बिना बारदाने का ही है," ते म्हणाले.

"मंग काट्यावर चढवू," मेहुणा म्हणाला.

दुकानात काटा नव्हता. शेजारी मिठाईचं दुकान होतं, तिथे इलेक्ट्रॉनिक काटा होता. मेहुण्याने ताट पुसलं, वर वर्तमानपत्र अंथरलं. माझंच दैनिक होतं, दोन दिवसांपूर्वीचं. मिठाईवाल्याने गल्ल्यावरून विचारलं, "कैसे किलो दे रहे हो?"

"पहिले चखके देखो," आमच्यासोबत आलेले लॅपटॉपचे दुकानदार म्हणाले. तोवर त्यांनाही गंमत वाटू लागली होती.

आधी मेहुण्याने भाचीची भरलेली बॅग चढवली. डबा, पाण्याची अर्धी बाटली, प्रॅक्टिकलचं जर्नल, रसायनाचं पुस्तक, सगळं मिळून एक किलो शंभर ग्रॅम. मी तो आकडा पाहिला आणि मला माझी दुसरी चूक कळली. दोन किलोची मर्यादा खांद्याची होती, लॅपटॉपची नव्हती. मी लॅपटॉपचं वजन दोन किलोशी ताडून "मर्यादेत" लिहून टाकलं होतं. डबा आणि पाणी तक्त्यात कुठेच नव्हते. परत केलेला लॅपटॉप त्या बॅगेत गेला असता तर एकूण दोन किलो साडेतीनशे झाले असते. हाताचं प्रकरण निघालंच नसतं तरी तो चालला नसता.

मग मोठं यंत्र चढवलं, एक किलो सहाशे. ते तिथेच बाद झालं. शेवटी लहान. कीबोर्डसकट एक किलो ऐंशी ग्रॅम. बॅगेत धरून दोन किलो एकशे ऐंशी.

"एकशे ऐंशी जास्त," मी म्हणालो.

"पाणी कमी नेईन," मुलगी म्हणाली.

"एप्रिलच्या उन्हात?" मी म्हणालो.

मेहुण्याने काट्यावरचं यंत्र हातात घेतलं, दुकानदारांनी दाखवला होता तसा कीबोर्ड ओढून काढला आणि नुसता पडदा परत ताटावर ठेवला. सातशे नव्वद.

"हा माल," तो पडद्याकडे बोट दाखवून म्हणाला. मग कीबोर्ड उचलून दाखवला. "अन् हा बारदाना. तुले वर्गात काय पाह्यजे?"

तिने मनातल्या मनात बेरीज केली. एक किलो आठशे नव्वद.

"बारदाना घरी ठेवीन," ती म्हणाली.

"कीबोर्डशिवाय लॅपटॉप?" मी म्हणालो.

"वर्गात मी काय टाइप करणार, बाबा? षटकोन?"

वजनाचं मिटलं होतं. पेनचं उरलं होतं. आम्ही परत लॅपटॉपच्या दुकानात आलो. मुलीने स्टूल मागितलं आणि बसता येईल असं टेबल. दुकानदारांनी प्रिंटरची खोकी बाजूला करून कोपऱ्यातलं टेबल मोकळं केलं. तिने बॅगेतून पुस्तक काढलं, एक अभिक्रिया उघडली, कोपरापासून करंगळीपर्यंत हात काचेवर टेकवला आणि लिहायला लागली. पान सरकलं नाही. रेघा उमटल्या नाहीत. मी घड्याळ पाहून ठेवलं.

पाच मिनिटं झाली, दहा झाली. ती ओळ संपली की डाव्या बोटाने पान वर ओढायची. एक गिऱ्हाईक चार्जर घेऊन गेलं, दुसरं आलं आणि बघत उभं राहिलं.

"बेटी, लेना है कि पेपर देना है?" दुकानदारांनी विचारलं.

"पेपरच देऊन राहिली, सेठ," मेहुणा म्हणाला. "वीस मिनटाचा होय. चूप बसा, नाईतर तुमालेच वर्गाच्या बाहीर काहाडीन."

मला विचाराल तर त्या दुकानातली तीच एक वेळ अशी होती की मी काही लिहून घेतलं नाही. अर्ज कोणत्या बाजूला जाणार हे त्या स्टुलावर ठरत होतं.

वीस मिनिटं झाली. तिने हात उचलला, मूठ दोनदा उघडली, मिटली, आणि परत टेकवून लिहू लागली. आणखी पाच मिनिटांनी थांबली.

"बधिर?" मी विचारलं.

"थोडी. करंगळी. पण दाबावं लागत नाही." तिने पान वर सरकवत पहिल्यापासून पाहिलं. "याच्या पुढे वहीत मला लिहिताच येत नाही."

"हा मधातला दाना," मेहुणा म्हणाला. "अन् सेठ, या पेनातला सेल? तो कुठी भेटते?"

दुकानदार थोडे घुटमळले. "वो नागपूर से मंगवाना पडेगा. यहाँ नहीं मिलता."

"मंग चार मंगवून ठेवा. आजच फोन करा."

त्यांनी आमच्यासमोर फोन केला.

घरी आल्यावर मुलीने कीबोर्ड कापडात गुंडाळून कपाटात ठेवला. दुसऱ्या दिवशी सहा आसनी ऑटोने ती कॉलेजला गेली. त्या दिवशी रसायनाचे दोन तास होते. पहिल्या तासाला शिक्षकांना वाटलं ती सिनेमा पाहते आहे. ते बाकाजवळ आले, काचेवर टेकलेला हात आणि त्याच्या पुढची रचना पाहिली आणि परत फळ्याकडे गेले. हे तिने सांगितलं. बाकी "कसं झालं?" या प्रश्नाला उत्तर होतं, "झालं."

मी पाहायला मागितलं. तिने पाटी पुढे केली. तीन पानं होती, वर तारीख टाकलेली. तिसरं पान अर्ध्यावर संपलं होतं, कारण हात तिथवरच चालला. दुसऱ्या पानावर एक बाण खोडून परत काढला होता.

"हा चुकला होता?"

"हो. माझाच चुकला. सर बोलत होते तेव्हाच लक्षात आलं." एवढं सांगून तिने पाटी परत घेतली.

महिना संपायला चार दिवस होते. अर्जाबद्दल तिच्या आईने विचारलं नाही, मीही विचारलं नाही. खण बंद होता. तिसरा दिवस गेला, दुसरा गेला. शेवटच्या दिवशी दुपारी बातमी पाठवून झाल्यावर मी विचारलंच.

"अर्ज दिलास का?"

"नाही."

"आज पाचपर्यंत खिडकी उघडी असते."

"माझ्याकडे नाही तो."

"हरवला?"

"मामाला दिला. परवा तुम्ही दोघं बाहेर गेला होतात तेव्हा तो आला होता. कागद मागितला. एका बाजूने कोरा पाहिजे म्हणाला."

मी मेहुण्याला फोन लावला. तो मिलवर होता, मागे यंत्राचा आवाज येत होता.

"परवा आमच्या घरून कागद नेला तो कुठे आहे?"

"कोनता? हां, पुडीचा. कायले?"

"त्याच्यावर काय छापलं होतं, पाहिलं का?"

"पाहिलं ना जी. मीच तिले म्हनलं, पोरी, हा कामाचा कागद दिसते. त म्हने, कामाचा होता, आता नाई." मग तो कोणाशी तरी वजनाबद्दल बोलला आणि परत फोनवर आला. "मिलवाल्यानं धान पाहिला, कागद फेकून देला. काऊन, पाह्यजे होता का?"

"नाही," मी म्हणालो.

"मंग फोन ठेवतो. गाडी काट्यावर उभी आहे."